दिल्लीची पहिली भेट तीनच दिवसांची असेल, तर आग्रा घ्यावे का?

पायवाट:
ओळखीचे कुणी पहिल्यांदा दिल्लीला निघाले आणि तीन दिवसांचा बेत विचारू लागले, की मी आग्रा वगळायला सांगतो. गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनहून सकाळी निघून पावणेदोन तासांत आग्र्याला पोचवते, हे मान्य आहे. पण रांगा आणि परतीचा प्रवास धरला, तर तीनांतला एक दिवस संपतो. मग उरलेल्या दोन दिवसांत कुतुबमिनार, लाल किल्ला, इंडिया गेट आणि राजघाट असे सगळे गाडीच्या खिडकीतूनच पाहून होते.

माझ्या मते दिवसाला एकच भाग घ्यावा. एक दिवस शाहजहानाबादचा : लाल किल्ला, जामा मशीद आणि चांदणी चौकाच्या गल्ल्या. किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे बादशहाच्या खास दरबारात, मराठी माणसाने वर छताकडे जरूर पाहावे. १७६० साली, पानिपतच्या आधी, पैशांची ओढाताण झाली तेव्हा सदाशिवरावभाऊंनी इथले चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडून घेतली होती. आपल्या इतिहासाचा इतका अवघड क्षण जिथे घडला, तिथे दहा मिनिटेही न थांबता बाहेर पडणारे लोक पाहिले, की मला वाईट वाटते. दुसरा दिवस मेहरौलीचा, म्हणजे कुतुबमिनारच्या परिसराचा, आणि तिसरा हुमायूनची कबर व निजामुद्दीन दर्ग्याचा. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, तेवढे सांभाळावे.

कोयनाकाठ:
मी पूर्णपणे असहमत आहे. वारंवार दिल्लीला जाऊ शकणाऱ्याचा हा हिशेब आहे. माझी आई बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा उत्तरेत आली आणि ती पुन्हा येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. तिने आयुष्यभर भरतकाम केले आहे. ताजमहालाच्या संगमरवरात बसवलेल्या एका फुलावरून ती कितीतरी वेळ नख फिरवत राहिली. पाकळी आणि पांढरा दगड यांच्यामधला सांधा तिला शोधायचा होता, आणि तो नखाला लागत नव्हता. त्या दिवसाच्या बदल्यात मेहरौली गेली, याचा मला जराही खेद नाही. सत्तावीस तास रेल्वेत बसून आलेल्या माणसाला ताज दाखवू नये, असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.

ओसरी:
कोयनाकाठ, तुमच्या आईंचा अनुभव वाचून फार बरे वाटले, तरी मी पायवाट यांच्याच बाजूने आहे. हुमायूनची कबर सोळाव्या शतकातली, ताजचे काम १६३२ मध्ये सुरू झाले. चार भागांची बाग, मधून वाहणारे अरुंद पाट आणि उंच जोत्यावरची घुमटाची इमारत ही सगळी मांडणी दिल्लीत आधीच उभी होती. शिवाय १८५७ च्या सप्टेंबरात बहादूरशहा जफर इंग्रजांच्या हाती सापडला, तो याच आवारात. जे पाहायला दोनशे किलोमीटर जायचे, त्याचे मूळ शहरातच असताना माणसे ते टाळून पुढे जातात.

कोयनाकाठ:
मूळ आहे म्हणून फळ चाखूच नये, हे मला पटत नाही. हुमायूनच्या कबरीत लाल दगडावर संगमरवराच्या पट्ट्या आहेत. माझ्या आईने ज्यावर नख फिरवले, ते काम तिथे नाही.

पायवाट:
हा मुद्दा मी मान्य करतो. वडीलधाऱ्यांची ही एकमेव फेरी असेल, तर आग्रा अवश्य घ्यावे. मात्र मग शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी ताज बंद असतो, आणि उरलेल्या दोन दिवसांत चार ठिकाणे कोंबण्याचा मोह सोडावा. पण पंचविशी-तिशीतल्या, पुन्हा सहज येऊ शकणाऱ्या मुलांना मी अजूनही दिल्लीतच राहा असे सांगेन. मेहरौलीला कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या ओवरीत जुन्या देवळांचे खांब लावले आहेत, त्यांवर साखळीला लटकणाऱ्या घंटा कोरलेल्या आहेत. त्या एकेक करून पाहायला सकाळचे दोन तास लागतात, आणि ते दोन तास आग्र्याची गाडी गाठायच्या घाईत कधीच मिळत नाहीत.