लॉनमधल्या डँडेलियनचं काय करायचं? (ओंटारियो, कॅनडा)

नवं_अंगण: नमस्कार मंडळी, मागच्या ऑक्टोबरात किचनरला घर घेतलं तेव्हा लॉन ठीकठाक वाटत होतं, आता मे लागला आणि पुढचं अंगण डँडेलियनच्या रानफुलांनी नुसतं पिवळंधमक. मुलगी खूष आहे, फुलं तोडत बसते. पण शेजारच्यांचं लॉन म्हणजे गालिचा, आणि आमच्याकडून आता बियांच्या म्हाताऱ्या उडायला लागल्यात, मला खरंच अवघडल्यासारखं होतं. डेट्रॉइटचा मेव्हणा म्हणतो टू-फोर-डी हे तणनाशक मार, इथे दुकानात दिसतच नाही. सगळे काढलेच पाहिजेत का?

ग्वेल्फकर: दिसणार नाही, घरच्या लॉनवर असली तणनाशकं मारायला ओंटारियोत 22 एप्रिल 2009 पासून बंदी आहे. सीमेपलीकडून आणूही नका, पोर खेळतं त्या गवतावर. लोखंडवालं औषध चालतं, पानं काही तासांत काळी पडतात, पण मूळ बऱ्याचदा जिवंत राहतं आणि परत मारावं लागतं, शिवाय ड्राइव्हवेवर पडलं तर गंजासारखे डाग. आणि डँडेलियन सरकारी घातक तणांच्या यादीत नाही. शहरं गवताची उंची बघतात, टोरांटोत 20 सेंमीची मर्यादा आहे, तुमच्याकडचं बघून घ्या.

मिसिसागाची_माई: अरे, सगळे काढायच्या मागे लागूच नकोस. मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, तुकडा राहिला की पुन्हा फुटतो, त्यात बी धरायला परागीभवनाचीही गरज नाही. त्यापेक्षा गवत दाट कर. मोवर 3 इंचावर ठेव, बुटकं कापलं की ऊन मातीपर्यंत पोचतं आणि नवं बी रुजतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये मोकळ्या जागी गवताचं बी टाक, थोडं क्लोव्हरही (तीन पानांची बुटकी वनस्पती) चालेल. वाटेच्या कडेचे तेवढे पाऊस पडून गेल्यावर लांब खुरप्याने मुळासकट काढ. आणि लेकीला बादली दे, फुलं पिवळी असतानाच तोडू दे. तोडलेली मात्र तिथेच टाकू नका, पडल्यापडल्याही त्यांत बी तयार होतं.

सोलापुरी_थाट: आमच्याकडे शेतात पाथरी असते ना, तसलीच पिवळी फुलं, तोडली की तसाच चीक, त्याच कुळातली. आई भाकरीबरोबर कच्ची द्यायची. इथे मी डँडेलियनची कोवळी पानं फूल येण्याआधीच खुडतो, नंतर फार कडू होतात. उकळत्या पाण्यातून काढून पिळायची आणि लसूण, मूगडाळ, दाण्याचं कूट घालून परतायची, मस्त लागते. फक्त ज्या लॉनवर काय मारलंय माहीत नाही तिथली खाऊ नका, तुमचंही घर नवीनच आहे तेव्हा या वर्षी नकोच. घरात कोणी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायचं औषध) घेत असेल तर डॉक्टरांना विचारा, व्हिटॅमिन के भरपूर असतं.

रानमाळ: मधमाश्यांसाठी ठेवा असं सगळीकडे वाचतो पण ते अर्धंच खरं आहे, मध मिळतो त्यांना, पण परागात प्रथिनं कमी दर्जाची. विलो आणि मेपल त्याआधीच फुलतात, माश्यांची काळजी असेल तर जागा बघून एखादं झाड लावा. डँडेलियन आपोआप राहणारच आहे.

नवं_अंगण: माई, बादली आजच दिली! शेजाऱ्यांना लागून असलेला पट्टा आधी घेतो, मागचं अंगण तसंच ठेवतो. क्लोव्हरचं बी आत्ता टाकलं तर चालेल की तेही सप्टेंबरातच?

मिसिसागाची_माई: क्लोव्हर आत्ताही टाक, फक्त रुजेपर्यंत माती ओली ठेव. गवताचं मात्र सप्टेंबरातच.