वाचक कमी झाले की वाचनालयं बिघडली?

कुलूपकिल्ली:
दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो आणि गावोगावी तेच भाषण होतं : मोबाइल आला, वाचन संपलं. मला हे साफ अमान्य आहे. तालुक्याच्या गावांतली वाचनालयं ओस पडली याला पहिली जबाबदार त्यांची कार्यकारिणी.

पुरावा कपाटातच आहे. कुठल्याही तालुका वाचनालयात जा, पुस्तकं काढा आणि शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्यांना चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली, शिक्क्यांनी भरून गेलेली. गेल्या आठ-दहा वर्षांत घेतलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. कारण ती वाचकासाठी घेतलेलीच नसतात. सरकारी अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर येतो, ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा असतो, मग जो विक्रेता जास्त सूट देईल त्याची यादी डोळे झाकून घ्यायची. शंभर-सव्वाशे पानं, पुठ्ठा बांधणी, किंमत तीनशे रुपये आणि लेखकाचं नाव कुणी कधी ऐकलेलं नाही, अशी पुस्तकं फक्त ग्रंथालयांना विकण्यासाठी छापली जातात. ती दुकानात दिसत नाहीत, दिसली तरी कोण घेणार? रविवारच्या पुरवणीत ज्याचं परीक्षण आलं ते पुस्तक मागा, उत्तर ठरलेलं : "मागवलंय."

वर कपाटांना कुलपं. "नाव सांगा, काढून देतो." अहो, नाव माहीत असतं तर विकतच घेतलं असतं. पुस्तकं चाळता येणं हीच तर वाचनालयाची गंमत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचा पहिला नियम सांगतो की पुस्तकं वापरासाठी असतात. त्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, फोटोला हार घालायचा आणि कपाटाची किल्ली खिशात ठेवायची.

कार्यकारिणीत वीस वर्षं तीच नावं. सर्वसाधारण सभेला सात माणसं, त्यातली पाच बटाटेवड्यासाठी. बोला.

ड_वर्गातली:
मार्च महिन्याचं वर्णन खरं आहे, खोटं कशाला बोलू? पण तुम्ही सांगता ते 'अ' वर्गाचं वाचनालय (सरकार वाचनालयांना अ ते ड वर्ग देतं, ड सगळ्यात खालचा). मी ड वर्गातली ग्रंथपाल आहे. आमचा हिशेब ऐका.

सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली तेव्हा पेपरात मोठी बातमी होती. ड वर्गाचे वर्षाला ३० हजार होते, ते ४८ हजार झाले. यातला निम्मा भाग पगारावर. म्हणजे २४ हजार वर्षाचे, महिन्याला दोन हजार. आमच्याकडे सोयाबीन काढणीला गेलेली बाई तेवढे आठ-दहा दिवसांत कमावते. उरलेल्या २४ हजारांत वर्तमानपत्रं, मासिकं, वीजबिल, लेखापरीक्षणाची फी, झाडलोट आणि मग पुस्तकं.

वाचनालय संध्याकाळीच का उघडतं, असं लोक विचारतात. कारण सकाळी मी दुसरीकडे शिवणकाम करते. कपाटाला कुलूप का? तपासणीला जिल्हा कार्यालयातून माणूस येतो, पुस्तकांची दाखल नोंदवही काढतो आणि एकेक क्रमांक मोजतो. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कार्यकारिणी देत नाही, माझ्याकडे बघते. तुमच्या रंगनाथनांना सांगा.

जुनं खोड:
दोघंही वाचकाला मोकळं सोडताय. महिन्याला तीस रुपये वर्गणी मागितली की "इतकी?" आणि तोच माणूस तिथेच उभ्या उभ्या दोन-तीनशेचा रिचार्ज मारतो. मी सोळा वर्षं कार्यकारिणीत आहे (हो, मीही त्या 'त्याच नावां'पैकी). दिवाळी अंकांची योजना काढतो, थोडक्या पैशांत दोन महिने हवे तितके अंक. पूर्वी नोंदणीला रांग लागायची. आता फोन करून करून सभासद गोळा करतो, आणि परत आलेल्या अंकांतून पाककृतींची पानं कापलेली असतात. अंक बिनपानांचे, सभासद बिनदिक्कत.

आणि मोबाइलला उगाच शिव्या देऊ नका यात मी कुलूपकिल्लींशी सहमत, पण कारण वेगळं. गळती मोबाइलच्या कितीतरी आधी लागली. १९९९ला टीव्हीवर अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं, पाठोपाठ ईटीव्ही. दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांची संख्या त्या दोन-तीन वर्षांत डोळ्यांदेखत घटली. आमच्या वाचनालयाचा खरा कणा त्या होत्या. रहस्यकथा, सामाजिक कादंबऱ्या, आठवड्याला दोन पुस्तकं. त्या वाचनाला आज आपण 'वाचनसंस्कृती' म्हणतो. तेव्हा त्याला टाइमपास म्हणून नाकं मुरडत होतो. टाइमपासला जास्त सोपं साधन मिळालं, लोक तिकडे गेले. यात रडण्यासारखं काय?

बंदच_करा:
मग सोपा उपाय, बंद करा. राज्यात अकरा-बारा हजार अनुदानित वाचनालयं. त्यातली किती चालू होती ते २०१२च्या पडताळणीत महसूल खात्याने दाखवलं. कुठे नुसती पाटी, कुठे सरपंचाच्या ओसरीवर एक लोखंडी कपाट. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणंच थांबलं, आणि ते बरंच झालं. ज्याला वाचायचं तो फोनवर वाचतो, स्टोरीटेलवर ऐकतो, नाहीतर ऑनलाइन पुस्तक मागवतो. माझ्या करातून कोऱ्या चिठ्ठ्या कशाला पोसायच्या?

कुलूपकिल्ली:
@बंदच_करा, फोनवर वाचतात म्हणजे बहुतेकदा टेलिग्रामवरची चोरीची पीडीएफ. ढकलतात सगळे, वाचतो कोण?
२०१२चं मात्र नीट बघा. बोगस वाचनालयांना चाप लावणं योग्यच होतं. पण नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबली, त्यात चांगलं काम करणाऱ्यांनाही ड मधून क मध्ये जाण्याचा रस्ता बंद झाला. चोराला सोडून संन्याशाला फाशी.

बंगळुरी मराठी:
मूळ दुखणं १९६७च्या कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यात उपकरच नाही. कर्नाटकच्या १९६५च्या कायद्यात घरपट्टीवर ६ टक्के ग्रंथालय उपकर आहे. स्वतःचा पैसा असला की मार्चची वाट बघावी लागत नाही.
(आता कुणी म्हणायच्या आधी मीच सांगतो : गोळा केलेला उपकर महापालिका ग्रंथालय खात्याला वेळेवर देत नाही, ही इथली जुनी ओरड आहे. पण निदान थकबाकी म्हणून मागता तरी येते.)

खुर्ची नं. १४:
आम्हाला कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. तालुक्याच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. सकाळी सहाला रांग असते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, सगळे. घरी सहा माणसं आणि एक खोली, अभ्यास कुठे करणार? खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "तुम्ही वाचक नव्हे." आम्ही दिवसाला दहा तास वाचतो. त्या मजल्यावर पंखा आमच्या फीमधून चालतो, खालचाही.

जुनं खोड:
@खुर्ची नं. १४, बाळा, फीचं खरं आहे, मान्य. पण भरतीचा निकाल लागला की तुमच्यातला एकजण तरी खाली येऊन कादंबरी मागतो का? सोळा वर्षांत मला एकही आठवत नाही.

आणि एक. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, कोल्हापूरचं १८५०चं. तेव्हा कुठला कायदा आणि कुठलं सरकारी अनुदान? गावातल्या लोकांनी वर्गणी काढून, देणग्या मागून चालवली. अनुदान आलं आणि आपण वाचकाऐवजी तपासणीसाला जपायला लागलो.

ड_वर्गातली:
काका, वर्गणी काढणारे ते 'गावातले लोक' कोण होते? कारकून, वकील, मास्तर, संस्थानचे मानकरी. माझ्या आजीला त्या पायऱ्या कुणी चढू दिल्या असत्या का? आमच्या वस्तीत वाचनालय आलं ते अनुदानामुळेच. म्हणून बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

वाचक नाहीत असंही म्हणू नका. मी काउंटरवर मागणीची वही ठेवली आहे. गेल्या पानावर काय आहे ते सांगते : चित्रांची मोठ्या अक्षरांची पुस्तकं (अंगणवाडीतल्या मुलांच्या आयांनी तीनदा लिहिलंय), शेळीपालन, भरतीचं चालू वर्षाचं गाइड, सातबारा आणि वारस नोंद समजावणारं काहीतरी, आणि एका आजीबाईंना ज्ञानेश्वरी, पण ठळक टाइपातली. मार्चच्या यादीत यातलं एकही नव्हतं. यादी माझ्याकडे सही करायला आली तेव्हा मी वही पुढे केली. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

कुलूपकिल्ली:
ही वहीच ठरावाला जोडा. सर्वसाधारण सभेत 'निम्मी खरेदी मागणीच्या वहीतून' एवढा एकच ठराव मांडा. सभासद मांडू शकतात, त्याला कार्यकारिणीत असावं लागत नाही.

ड_वर्गातली:
मी सभासद नाही, नोकर आहे. सभेत चहा देते. पण त्या अंगणवाडीच्या आयांची वर्गणी भरलेली आहे. त्यांना सांगते.

बंदच_करा:
आणि हे सगळं ४८ हजारांत?

ड_वर्गातली:
२४ हजारांत. वीजबिल त्यातूनच.