१९८३ची मर्सिडीज २३० ई (डब्ल्यू १२३): गरम इंजिन लवकर सुरू होत नाही, घ्यावी का?

जुनी_चावी:
के-जेट्रॉनिकवाली (बॉशची यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन) गाडी आहे, दोन वर्षं उभी होती. थंड असताना लगेच सुरू होते. गरम बंद करून वीसेक मिनिटांनी चावी फिरवली की बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवू. व्यवहाराआधी काय तपासू?

तेलकट_हात:
कार्ब्युरेटरचं नाव काढू नका. मेकॅनिकही बदला, निदान या गाडीपुरता.

बंद केल्यावर लाइनमध्ये दाब टिकत नसेल तर गरम पाइपांत पेट्रोलची वाफ होते, म्हणून हा त्रास. संशयित तीन: मागे पंपाजवळचा ॲक्युम्युलेटर (बंद केल्यावर लाइनमधला दाब धरून ठेवणारा डबा), पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) आणि गळणारे इंजेक्टर. फ्युएल डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक इंजेक्टरला पेट्रोल वाटणारा भाग) आणि वॉर्म-अप रेग्युलेटर (इंजिन तापेल तसा कंट्रोल प्रेशर, म्हणजे मिश्रण ठरवणारा दाब, बदलणारा भाग) यांच्या मधल्या लाइनमध्ये कॉकवालं प्रेशर गेज लावा. कॉक बंद असताना सिस्टिम प्रेशर (पंपाकडून येणारा मूळ दाब) दिसतं, ते ५ बारच्या आसपास हवं. कॉक उघडा, गरम इंजिनवर कंट्रोल प्रेशर साडेतीनच्या जवळपास. मग इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. दोन-अडीच बार राहिला तर चिंता नाही. झपाट्याने पडला आणि ॲक्युम्युलेटरच्या मागच्या नळीत पेट्रोल दिसलं, तर आतला पडदा फाटलाय.

बोनेटखाली:
गेज नसेल तर आधी फुकटची तपासणी. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. इंजिन लगेच अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीच कुठून तरी आत शिरतेय: इंजेक्टरचे रबर सील किंवा एअर मीटरजवळचा (आत जाणारी हवा प्लेटने मोजणारा भाग) रबर बूट. मोजणी प्लेटवरून गेलेल्या हवेचीच होते, त्यामुळे चोरून आलेल्या हवेला पेट्रोल मिळत नाही.

तेलकट_हात:
बरोबर. आणि तोवर ३ मिमी ॲलन की लावून सीओ स्क्रूशी (मिश्रणातलं पेट्रोल कमी-जास्त करणारा स्क्रू) खेळू नका. लोक गळती झाकायला तोच फिरवतात.

जुनी_चावी:
उभी राहिल्याचा वेगळा काही परिणाम?

बोनेटखाली:
खरी भीती तीच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, टाकीत गंज धरतो आणि डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर (एअर प्लेटबरोबर वरखाली सरकून पेट्रोल मोजणारा दांडा) चिकटतो. पंप चालू ठेवून एअर प्लेट हळूच हलवा. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. अडकली तर डिस्ट्रिब्युटरचा खर्च किमतीतून वजा करा. प्लंजरला पॉलिश पेपर लावू देऊ नका, तो आपल्याच सिलिंडरला घासून बसवलेला असतो. दुसऱ्या गाडीचाही चालत नाही. टाकी आणि तिची जाळी साफ केल्याशिवाय नवीन फिल्टर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.