चित्राच्या आत जाऊन आलात का? (अनुभव धागा)

हल्ली ओळखीचं कुणी ना कुणी इमर्सिव्ह प्रदर्शनाला (प्रोजेक्टरने चित्रं अख्ख्या खोलीवर पसरवतात, ते) जाऊन आलेलं असतं. काळोखं दालन, भिंतींवर आणि जमिनीवर पसरलेली सूर्यफुलं, मधोमध हात पसरून उभी असलेली आपली मैत्रीण, तिच्या गालावर निळ्या आभाळाचा तुकडा. सगळ्यांचे फोटो सारखेच. मी आतापर्यंत तीनदा गेले. पहिल्या वेळचं काही आठवू म्हटलं तर मी काढलेले फोटोच आठवतात, बाकी पाटी कोरी. म्हणून हा धागा. अट एकच, फोटो टाकायचे नाहीत. फोन खिशात असताना जे झालं तेवढंच लिहा. हरखून गेलात तर ते लिहा. कंटाळलात, गरगरलं, तिकीट फुकट गेलं असं वाटलं, तर तेही बेधडक लिहा.

सुरुवात मीच करते. पॅरिसचं आतलिए दे ल्युमिएर २०१८ साली सुरू झालं, तेव्हाचा मुख्य कार्यक्रम गुस्टाव क्लिम्टच्या चित्रांचा होता. ती जागा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला धातूच्या ओतकामाचा कारखाना. मोठमोठे खांब, जुनी टाकी, उंच छत तसंच ठेवलेलं, आणि त्या सगळ्यावरून सोनेरी रंग ओघळत होता. मी जमिनीवर बसले आणि सुरुवातीची दहा मिनिटं खरोखर तोंड उघडं टाकून बघत राहिले. नंतर कधीतरी व्हिएन्नाला बेल्व्हेडेअर संग्रहालयात क्लिम्टचं मूळ ‘चुंबन’ पाहिलं. १८० बाय १८० सेंटिमीटरचा चौरस. त्यात खरा सोन्याचा वर्ख आहे. मी जरा डावीकडे सरकले तशी चमकही सरकली, मान वाकवली तर एक कोपरा विझला आणि दुसरा पेटला. पॅरिसमध्ये चित्र हलत होतं आणि मी बसून होते. इथे चित्र जागचं हललं नाही, मीच बराच वेळ त्याच्यापुढे डुलत होते. दोन्हींत कुठलं मोठं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही लिहा.

———

माझं उलटं. मला कंटाळा आला. चित्रकार व्हॅन गॉगच्या आयुष्याची तीसेक मिनिटांची फिल्म, संपली की पुन्हा पहिल्यापासून. आत कधीही शिरा. मी शिरलो तेव्हा व्हॅन गॉग मरत होता. मग तो जन्माला यायची वाट बघत बसलो. जन्मला, बटाटे खाणारी माणसं रंगवली, आणि सूर्यफुलांपर्यंत पोचायच्या आत मी बाहेर.

———

कुणीतरी गरगरण्याचं लिहा म्हटलं म्हणून लिहिते. जमिनीवर लाटा सोडल्या होत्या, सगळ्या डावीकडे वाहणाऱ्या. मी उजवीकडे झुकायला लागले. सावरायला भिंतीला हात लावला, तर भिंतही वाहत होती. घाम फुटला, पोटात ढवळलं. रुळावर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, तसंच हे. डोळे सांगतात निघालो, आतला कान सांगतो जागेवरच आहोत, आणि या दोघांच्या भांडणात पोट मध्ये सापडतं. मला वाचवलं ते दारावरच्या ‘बाहेर’ लिहिलेल्या हिरव्या पाटीने. अख्ख्या दालनात न हलणारी ती एकच गोष्ट. तिच्यावर नजर रोवली, खाली बसले, तळवे जमिनीला टेकवले, दोन मिनिटांत उतरलं. राहिलेला कार्यक्रम मी पाटीशेजारून पाहिला, आणि खरं सांगायचं तर तिथून तो छान दिसला.

———

वरच्या ताईंच्या अनुभवाला जोडून एक गंभीर गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीला लखलखाटाने फिट येते. साधारणपणे सेकंदाला तीन ते तीसच्या दरम्यान होणारे झपकारे अशा लोकांना त्रासाचे असतात. दाराशी सूचना लावलेली असते, पण ती सगळ्यात बारीक अक्षरात. आम्ही आधीच विचारून घेतलं की कुठल्या भागात झपकारे आहेत. तिथल्या मुलीने मनापासून मदत केली, तेवढा भाग संपेपर्यंत आम्हाला बाहेर थांबवलं. तरी आत एकदा अनपेक्षित चमक आलीच. अशा वेळी नुसते डोळे मिटू नका, प्रकाश पापण्यांतून आत जातो. एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि मान फिरवून निघायचं. बहिणीने तेच केलं, काही झालं नाही. तिचं आवडतं चित्र कोणतं विचारलं तर म्हणाली, “माझ्या तळहाताच्या आतली बाजू.”

———

मी अशा प्रदर्शनांचे प्रोजेक्टर लावतो, म्हणून पाहुणा म्हणून माझा अनुभव काहीच नाही. पण फोन खिशात असतो हे नक्की, दोन्ही हात शिडीवर असतात.

लोक मला विचारतात, एवढा काळोख का करता, माणसं धडकतात. त्याचं कारण असं की प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. त्याला फक्त उजेड टाकता येतो. काळा म्हणजे जिथे त्याने काही टाकलं नाही ती जागा, आणि ती जागा खोली जेवढी काळोखी तेवढीच काळी. व्हॅन गॉगच्या रात्रीचं आभाळ एका माणसाच्या फोनच्या उजेडाने राखाडी होतं. पांढरा शर्ट घालून येणारे मला लांबूनच कळतात, त्यांच्या पाठीवर निम्मं चित्र असतं. (त्यांना ते माहीत नसतं. त्यांच्या मागच्याला माहीत असतं.)

दुसरं, एक भिंत म्हणजे एक प्रोजेक्टर नव्हे. शेजारशेजारच्या दोघांच्या कडा एकमेकींवर चढवून मग तिथला उजेड हळूहळू उतरवत नेतात, म्हणजे सांधा दिसत नाही. पण एकदम काळोखं दृश्य आलं की दोघांचाही थोडा थोडा गळणारा उजेड त्या पट्ट्यात साठतो आणि भिंतीवर उभी फिकट पट्टी उमटते. एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही, म्हणून शोधू नका. आणि भिंतीला नाक लावू नका. सहा मीटर रुंद चित्र १९२० ठिपक्यांत बसवलं तर एक ठिपका तीन मिलिमीटरचा होतो. जवळून फूल नाही दिसत, वीटकाम दिसतं.

रात्री सगळे गेले की चित्रं काढून नुसत्या पांढऱ्या रेषांची जाळी भिंतीवर सोडतो, जुळणी तपासायला. दिवसभरात इमारत तापते, यंत्र केसभर सरकतं, आणि कुठेतरी एक रेघ दुहेरी दिसते. ती पुन्हा एक झाली की घरी जायचं. मी रोज बघतो ते चित्र हेच.

———

आमचं पिल्लू चार वर्षांचं. जमिनीवर फुलं उमलायला लागली तशी ती दारातच थबकली. “पाय कुठे ठेवू?” शोधून शोधून एक रिकामा डाग सापडला, तिथे एका पायावर उभी राहिली. तोही डाग फुलांनी भरला. मग रडकुंडीला येऊन फुलांना “सॉरी” म्हणत म्हणत चालली. फुलांना काही फरक पडत नव्हता, ती पाऊल पडायच्या आधी जशी होती तशीच नंतरही. थोड्या वेळाने तिला ते कळलं, आणि त्यानंतर तिने भिंतींकडे पाहिलंच नाही. माझ्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत बसली, तो ओढला की हलत होता ना.

———

तुमच्या लेकीला टोकियोला न्या! टीमलॅब या चमूच्या कामात फुलांना पाऊल कळतं. तिथली बरीच दृश्यं आधी तयार करून ठेवलेली फिल्म नसते, संगणक ती त्या त्या क्षणाला रचत असतो. त्यामुळे आत्ता जे दिसलं ते तसंच्या तसं पुन्हा दिसत नाही, आणि वरचे व्हॅन गॉगवाले दादा जन्माची वाट बघत बसले तसं बसावं लागत नाही.

मी तोयोसूच्या टीमलॅब प्लॅनेट्सला गेले होते. २०१८ पासून आहे ते. चपला-मोजे बाहेर, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि काळोखात पाण्यात उतरायचं. दुधाळ, कोमट पाणी. त्यावर कोई मासे प्रकाशाचे. मासा पायाला येऊन आपटला की फुटून त्याचं फूल होतं आणि पाकळ्या पसरतात. मला माहीत होतं की तो उजेड आहे. तरी पहिला मासा पोटरीकडे सुसाट आला तेव्हा मी पाय उचलला. तो दुसऱ्या कुणावर तरी जाऊन फुटला. त्या अनोळखी बाईंनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मासा मीच पाठवला. दोघी हसलो. (एक सूचना: पुढे आरशाची जमीन आहे, स्कर्ट नको.)

———

पावसाचं कुणी लिहिलं नाही का अजून? ‘रेन रूम’, रँडम इंटरनॅशनल या कलाकारांच्या गटाची. लंडनच्या बार्बिकनमध्ये २०१२ मध्ये पहिल्यांदा लागली, मी शारजाची पाहिली, तिथे ती कायमची आहे. खराखुरा पाऊस कोसळतोय आणि तुम्ही असाल तेवढ्यापुरता थांबतो, कॅमेरे तुम्हाला शोधत असतात. सावकाश चाललात तर कोरडे. मी काळा शर्ट घातला होता आणि मला घाई होती. भिजलो.

———

मी चित्रकार आहे, त्यामुळे कुरकुरणं माझ्याकडे लागलं.

चित्राच्या आत माणसाला उभं करायची हौस संगणकाची नाही. रॉबर्ट बार्करने १७८७ साली गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनला त्यासाठी खास गोल इमारत उघडली. फ्रेंच चित्रकार मोनेने पहिलं महायुद्ध संपल्यावर कमळांची मोठी चित्रं फ्रान्सला देऊ केली. ती पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनांत बसवली आहेत, दोन मीटर उंचीचे आठ देखावे, तुम्ही मध्ये आणि पाणी भोवताली. १९२७ ला ती दालनं उघडली, मोने त्याआधी काही महिनेच गेला होता. वरून दिवसाचा उजेड येतो. मी तिथे बसलो असताना बाहेर ढग आला आणि आठवतंय, डाव्या हाताचं अख्खं तळं जांभळट झालं. कुणी बटण दाबलं नव्हतं.

आता व्हॅन गॉगची ती प्रसिद्ध रात्र, ‘द स्टारी नाइट’. मूळ चित्र जेमतेम ७४ बाय ९२ सेंटिमीटर. १८८९ मध्ये, सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात उपचार घेत असताना रंगवलेलं. त्यातले भोवरे रंगाच्या जाडीमुळे फिरतात, आपला डोळा त्या उंचवट्यांवरून घसरत जातो. प्रदर्शनात ते भोवरे खरेच फिरवून दाखवले होते, पंख्यासारखे. मग माझ्या डोळ्याला काम काय उरलं? आणि ती जाडी भिंतीवर सपाट. पायसाचा फोटो चाटल्यासारखं.

तरीही एक कबूल करतो. माझी सत्तरीची मावशी, जिने आयुष्यात चित्रांच्या दालनात पाऊल टाकलं नाही, ती तिथून निघायला तयार नव्हती. मी तिला तो फरक सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

———

दादा, तुमची कुरकुर मान्य, पण दुसरी बाजू. मी जतनाच्या कामात आहे. कागदावरची रेखाटनं, जलरंग यांना उजेड सोसत नाही. साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास, तेही काही महिने, आणि मग लांबलचक विश्रांती. म्हणजे कित्येक सुंदर गोष्टी बहुतेक काळ अंधाऱ्या खणात झोपलेल्या असतात. त्या मी भिंतभर पाहिल्या तेव्हा पहिला विचार मनात आला, “अरे, एवढा उजेड!” आणि हात आपोआप पडदा ओढायला वर गेला. मग आठवलं, याने काही विटणार नाही. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ न बघता रेखाटन पाहिलं.

———

मला ऐकू येत नाही. या दालनांत संगीतही असतं, त्याबद्दल माझं दोन ओळींत. जमिनीवर पाठ टेकून झोपले, तेव्हा ढोलासारखं काहीतरी मणक्यातून वर आलं. वादळाचं दृश्य भिंतीवर यायच्या क्षणभर आधी. शेजारचे लोक दचकले तेव्हा मी तयार होते.

———

मी पाहुणा नाही, दालनात उभं राहायचं काम करायचो. दिवसातून पंधरा वेळा तेच. पहिल्या आठवड्यात सुंदर, दुसऱ्यात डोकं दुखायला लागलं, तिसऱ्यात मी भिंती बघणं सोडलं आणि माणसं बघू लागलो. फोटो काढणारे दारापासून चार पावलांवर थांबतात. लहान मुलं पळतात. म्हातारी जोडपी भिंतीकडेला टेकतात आणि एकमेकांचा हात धरतात, काळोख असतो म्हणून असेल. झोपणारेही बरेच. एक गृहस्थ नेहमी यायचे, ठरलेल्या खांबाशी बसायचे आणि पाचव्या मिनिटाला घोरायचे. आम्ही कधी उठवलं नाही. बदामाच्या फांद्या यायच्या तेव्हा त्यांच्या टकलावर एक बरोबर उमलायची.

———

वाचतेय सगळं. पुढच्या रविवारी आजोबांना घेऊन जायचंय. त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि अंधारात जरा घाबरतात. प्रोजेक्टरवाले दादा, खुर्ची मिळाली तर कुठे ठेवू? मधोमध?

———

मधोमध नको, तिथे चारही बाजूंनी माणसं आडवी जातात आणि जमीन सगळ्यात जास्त हलते. कोपरा धरा, दोन भिंती पाठीशी. मागे टेकायला काहीतरी पक्कं आहे हे त्यांना कळू दे. आत शिरल्यावर लगेच चालायला लावू नका, दाराशीच पाच मिनिटं थांबा, डोळे सरावतात. आणि बाहेरची ती हिरवी पाटी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहील असं बघा. गडद रंगाचा सदरा घाला म्हणावं. नाहीतर पांढराच घालू दे. समोरच्यांना त्यांच्या छातीवर तारे दिसतील.