मदत हवी आहे: स्पेक्ट्रम घेऊ की कमोडोर ६४? ग्राफिक्सचं गणित जुळेना

मंडळी, सध्या आम्ही इंग्लंडात, लेस्टरला आहोत. शेजारचे आजोबा घर आवरतायत आणि त्यांच्या माळ्यावरून झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के आणि कमोडोर ६४ असे दोन जुने कॉम्प्युटर निघाले, दोन्ही चालू आहेत, भाव पण सारखाच सांगतायत, पण बायकोने एकाचीच परवानगी दिलीय. दहा वर्षांच्या लेकीला बेसिकमध्ये (त्या काळची सोपी प्रोग्रॅमिंगची भाषा) छोटे गेम करायचेत, एवढाच उद्योग.

माझा ओढा उघडच स्पेक्ट्रमकडे. शाळेत असताना घरी डीबी स्पेक्ट्रम प्लस होता (स्पेक्ट्रम बनवणाऱ्या सिंक्लेअर कंपनीच्या लायसन्सवर भारतात निघालेला तो). टेपवरून गेम लोड होताना आधी चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं आणि शेवटी सपाट्याने वरून खाली रंग भरायचे, कारण पिक्सेलचे ६१४४ बाइट आधी आणि रंगांचे ७६८ नंतर.

आता घोळ असा की स्पेक्ट्रमचा स्क्रीन २५६ × १९२ आणि कमोडोरचे बरेचसे गेम ज्या रंगीत मोडवर चालतात तो १६० × २००. रंग १५ आणि १६, म्हणजे एकोणीस-वीस. १९८२ ला स्पेक्ट्रम ४८के १७५ पौंडांना आणि कमोडोर अमेरिकेत ५९५ डॉलरला. मग जो उठतो तो कमोडोरचं ग्राफिक्स भारी का म्हणतो?

काल आजोबांकडे स्पेक्ट्रमवर एक गेम लावला, लाल गाडी पिवळ्या गवतावरून गेली तर आजूबाजूचं गवतपण चौकोन चौकोन लाल. लेक म्हणे, बाबा गवताला खरचटलं. हे कमोडोरवर होत नाही का?

प्रतिसाद १:
पिक्सेल मोजू नका हो, फसाल. स्पेक्ट्रमला ८ × ८ च्या चौकोनात दोनच रंग, गाडीने शाई (म्हणजे चित्राचा रंग) बदलली की त्या चौकोनातल्या गवताचीही बदलते. कमोडोरच्या ३२० × २०० मोडलाही हीच अट आहे, म्हणून तर लोक १६० वर उतरतात, तिथे चौकोनात चार रंग बसतात. पण खरी गंमत ८ स्प्राइटची, म्हणजे हलत्या छोट्या चित्रांची. २४ × २१ चं चित्र ग्राफिक्सची चिप परस्पर वरून ठेवते, खालच्या गवताला हातच लावत नाही. स्क्रोलिंगलाही चिपची मदत. स्पेक्ट्रममध्ये सगळी हमाली बिचाऱ्या झेड८० ची, म्हणजे मुख्य प्रोसेसरची. आणि ते ५९५ डॉलर फार टिकले नाहीत, १९८३ मध्येच २०० च्या आसपास आले होते.

प्रतिसाद २:
वरचं सगळं खरं, पण लेक बेसिक लिहिणार आहे ना? कमोडोरच्या बेसिकमध्ये रेघ मारायची साधी कमांड नाही. बॉर्डरचा रंग बदलायला पोक ५३२८० (म्हणजे मेमरीच्या त्या नंबरच्या घरात थेट आकडा टाकायचा), आणि एका स्प्राइटला ६३ आकडे हाताने डेटात भरा. स्पेक्ट्रमवर सर्कल १२८,८८,५० लिहिलं की गोल तयार. बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या ब्रिटिश कॉम्प्युटरचं बेसिक याहून सरस, ६४० × २५६ चा मोडपण आहे, पण तो मोड ३२के मेमरीपैकी २०के खातो आणि आजोबांच्या माळ्यावर बीबीसी नाहीये. डोळे मिटून स्पेक्ट्रम घ्या.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. मी स्पेक्ट्रमच ठरवला होता, पण ६३ आकड्यांचं लेकीला सांगून बसलो. ती गणिताच्या वहीत २४ × २१ चौकोन आखून मांजर रंगवतेय, शेपटी मावत नाही म्हणून दोन स्प्राइट जोडता येतात का विचारतेय. येतात ना?