सिअ‍ॅटलचा तस्वीर फिल्म फेस्टिवल: आई-बाबांना घेऊन जाण्यासारखा आहे का?

रिमझिम_बॉथेल:
नमस्कार मंडळी, आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, उन्हाळ्यात रेनियर झालं, लेव्हनवर्थ झालं, पाइक प्लेसला मासे फेकतात ते दोनदा बघून झालं आणि आता ऑक्टोबरचा पाऊस लागलाय. बाबा दिवसभर यूट्यूबवर बातम्यांच्या चर्चा लावतात आणि आई खिडकीत बसून शेजारीण कुत्र्याला दिवसातून किती वेळा बाहेर नेते ते मोजते (चार). ऑफिसातल्या एका तमिळ मैत्रिणीने सांगितलं की तस्वीर म्हणून साऊथ एशियन फिल्म फेस्टिवल आलाय, घेऊन जा त्यांना. मी इथे सात वर्षं राहतेय आणि एकदाही गेलेले नाही, आता बोला.

प्रोग्रॅम उघडला तर एकही ओळखीचं नाव नाही, शॉर्ट्सची, म्हणजे शॉर्टफिल्मची नुसती गर्दी, आणि अर्ध्या गोष्टी इंग्रजी सबटायटलवर. आईला इंग्रजी वाचता येतं पण सावकाश, तिची ओळ संपेपर्यंत पडद्यावरची माणसं पुढे गेलेली असतात. बाबांचं म्हणणं 'तिकीट काढून कोण रडायला जाईल'. आईने नाव ऐकल्यावर विचारलं, तसबिरींचं प्रदर्शन आहे का? तिच्यासाठी तसबीर म्हणजे भिंतीवरची, हार घातलेली.

कुणी गेलंय का? पूर्ण पास घ्यावा की सुटी तिकिटं? मराठी काही असतं का? आणि मुख्य म्हणजे सत्तरीच्या माणसांना तीन तास बसवून नंतर मला घरी ऐकून घ्यावं लागणार नाही ना?

तिकीटखिडकी:
मी तिथे व्हॉलंटिअर म्हणून दोन-तीन वर्षं उभी राहिलेय, त्यामुळे बायस्ड आहे हे आधीच सांगते. पास अजिबात घेऊ नकोस. पास आपल्यासारख्या हावरट लोकांसाठी, जे सकाळी अकराला शिरतात आणि रात्री डोळे लाल करून बाहेर येतात. दोन तिकिटं काढ, एक शॉर्ट्सचं पॅकेज आणि एक मोठी फिल्म, तीही वेगवेगळ्या दिवशी.

शॉर्ट्स आधी दाखव असं मी मुद्दाम सांगतेय. एका पॅकेजमध्ये पाच-सहा असतात, एखादी डोक्यावरून गेली तर पंधरा मिनिटांत दुसरी सुरू होते, त्यामुळे बाबांना वैतागायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय इथे वाढलेल्या देशी मुलांनी केलेल्या बऱ्याच शॉर्ट्स अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या घरच्या भाषेत असतात, आणि त्यात जी आई किंवा आजी असते ती नेहमी आपल्याच भाषेत ओरडते, ते कळायला सबटायटल लागत नाही.

मराठीची गॅरंटी नाही, शेड्यूल नीट बघ. आणि शो एकाच ठिकाणी असतील असं धरू नकोस, तिकिटावरची जागा वाच, मी उभी असताना दर वर्षी कुणीतरी भलत्याच थिएटरला जाऊन मग धापा टाकत यायचं. कोलंबिया सिटीतलं आर्क लॉज थिएटर आता तस्वीरनेच चालवायला घेतलंय, तिथला शो असेल तर लाइट रेलच्या स्टेशनवरून चालत जाता येतं, पार्किंगच्या नादाला लागू नकोस.

थोडं जुनं सांगते कारण नवीन आलेल्यांना माहीत नसतं. हे सगळं २००२ साली दोन बायकांनी सुरू केलं, रीता मेहेर आणि फराह नौशीन, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतरचे दिवस, सावळा माणूस दिसला की लोक संशयाने बघायचे तेव्हाचे. म्हणजे मुळात हा 'बॉलीवूड नाइट' टाइप प्रकार नव्हताच, आमच्याबद्दल दुसरे काय वाटेल ते दाखवतायत तर आमचं आम्ही दाखवू, असा होता. अजूनही निवडीत ती खोड दिसते, म्हणून काही फिल्म जरा भाषण देतात. ते सहन करायचं.

पुणेरी_पाटी:
एक शंका. हे 'साऊथ एशियन' काय प्रकरण आहे? भारतीय म्हणायला लाज वाटते का? पैसे भरणारे भारतीय, तिकिटं काढणारे भारतीय आणि नाव मात्र सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. लॉस एंजेलिसवाल्यांचा आहे की सरळ इंडियन फिल्म फेस्टिवल, २००३ पासून चाललाय, न्यूयॉर्कचाही इंडियनच. आणि मराठी माणसाने मराठी सिनेमे बघावेत, कॅलिफोर्नियात सॅन होजेला नाफाचा (नॉर्थ अमेरिकन फिल्म असोसिएशनचा) मराठी फिल्म फेस्टिवल सुरू झालाय, तिकडे न्या आई-बाबांना. उगाच अगम्य भाषेतलं काहीतरी दाखवून त्यांचे हाल कशाला.

तिकीटखिडकी:
@पुणेरी_पाटी काका, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलहून सॅन होजे म्हणजे विमान आहे हो. सिंहगड रोडवरून कोथरूडला जायचं नाहीये.

लाजेचा प्रश्न कुठे आला? साऊथ एशियन म्हटल्यामुळेच एका तिकिटात नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान येतं, नाहीतर मी जन्मात गेले नसते. 'जॉयलँड'चंच बघा, फ्रान्सच्या कान फेस्टिवलमध्ये ज्युरी प्राइझ मिळालं, पाकिस्तानची ऑस्करला शॉर्टलिस्ट झालेली पहिली फिल्म, आणि ज्या लाहोरमध्ये ती घडते त्या पंजाब प्रांतातच तिच्यावर बंदी. असल्या फिल्म आपण बघणार कुठे? किंवा नेपाळच्या मिन बहादुर भामची 'शांभला', २०२४ ला बर्लिन फेस्टिवलच्या मुख्य स्पर्धेत होती, आपल्यापैकी किती जणांनी नाव ऐकलंय? आपण शेजारी शेजारी राहतो आणि एकमेकांचं काही बघत नाही, आणि बघायला मिळतं कुठे तर वॉशिंग्टन राज्यात, पावसात. हसावं की रडावं.

आणि हो, लाहोरच्या घरातला भाऊबंदकीचा सीन बघायला सांगलीच्या माणसाला सबटायटल लागणार नाहीत, पैज लावते.

लिंबूटिंबू_बे_एरिया:
नाफाला गेलोय म्हणून लिहितो. अभिजित घोलप यांनी सुरू केलंय ते, 'देऊळ'चे निर्माते, त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आठवत असेल. पहिला फेस्टिवल २०२४ च्या जुलैत झाला. छान असतो, पण तो प्रकार वेगळा आहे, तिथे निम्मी मजा लॉबीत असते, पैठण्या, सेल्फी, 'अगं तू इकडे कधी आलीस', मराठी कलाकार समोर फिरताना दिसतात, म्हणजे बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन आणि थिएटर यांच्या मधलं काहीतरी. इथल्याच मराठी लोकांनी नोकऱ्या सांभाळून केलेल्या शॉर्टफिल्मपण दाखवतात, ते मला खरंच आवडलं. आई-बाबांना तिथे एका मिनिटात घरचं वाटेल यात वाद नाही. तस्वीरला घरचं वाटणार नाही, पण दोन्ही करायला काय हरकत आहे, हे म्हणजे आमरस खाणाऱ्याने भेळ खाऊ नये म्हटल्यासारखं झालं.

मला मुख्य बोलायचंय ते बाबांच्या 'कोण रडायला जाईल' वर. बाबांना एवढंच विचार, रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा लागायचा तो आठवतो का? आमच्याकडे जेवण झालं की वडील पंख्याखाली चटईवर आडवे, आई पाटावर तांदूळ निवडत बसलेली आणि टीव्हीवर कुठलातरी मल्याळी नाहीतर असमिया सिनेमा, खाली इंग्रजी अक्षरं, ती पण पांढऱ्यावर पांढरी, एक अक्षर धड दिसायचं नाही. माझी आई सातवी शिकलेली, तिने असे किती सिनेमे बघितले असतील मोजदाद नाही. चार वाजता चहा ठेवताना म्हणायची 'त्या म्हाताऱ्याने जमीन विकायला नको होती'. तिला नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, दिग्दर्शक माहीत नाही आणि सिनेमा मात्र अख्खा कळलेला. फेस्टिवलचा प्रेक्षक म्हणतात तो हाच ना? आपणच त्यांना म्हातारं ठरवून 'त्यांना कळेल का' विचारत बसतो. खरं तर आपल्यालाच दहा मिनिटांनी फोन बघावासा वाटतो.

पुणेरी_पाटी:
रविवारच्या सिनेमाचा मुद्दा मान्य. बाकी मतावर ठाम.

स्लेट_पडली:
उशिरा आलो. मी पलीकडच्या बाजूने लिहितो, म्हणजे फिल्म पाठवणाऱ्याच्या. पुण्यात राहतो, दोन शॉर्ट्स केल्यात, एक अठरा मिनिटांची, मित्राच्या वाड्यात शूट केलेली, वाडा नंतर महिनाभरात पाडला, असो.

तस्वीरकडे आमच्यासारख्यांचं एवढं लक्ष का असतं तर तो ऑस्कर-क्वालिफाइंग आहे, साऊथ एशियन फेस्टिवलांमध्ये हा मान मिळालेला पहिला. इथे लोकांचा फार गोंधळ होतो, पेपरात पण 'ऑस्करच्या शर्यतीत' असं छापून येतं, म्हणून सांगतो. तिथे शॉर्टला ठरलेलं बक्षीस मिळालं की ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीकडे अर्ज करायचा हक्क मिळतो, बस, एवढंच. मग जगभरातून आलेल्या फिल्ममधून १५ ची शॉर्टलिस्ट, त्यातून ५ नॉमिनेशन. हा हक्क नसेल तर लॉस एंजेलिससारख्या ठरावीक शहरात थिएटर घेऊन सात दिवस शो लावावे लागतात, पुण्यातल्या पोराने ते पैसे आणायचे कुठून? नाहीतर स्टुडंट अकॅडमी अवॉर्ड, नाहीतर मोठ्या फेस्टिवलमधलं बक्षीस, आपल्या एफटीआयआयच्या चिदानंद नाईकची सूर्यफुलांवाली शॉर्ट २०२४ ला कानच्या ला सिनेफ या विद्यार्थ्यांच्या फिल्मच्या विभागात पहिली आली आणि तिला अशी वाट मिळाली. पण कान किती जणांच्या नशिबात. आणि लांबी क्रेडिट्स धरून चाळीस मिनिटांच्या आत पाहिजे, आमच्या एका मित्राची त्रेचाळीस झाली, कापायला तयार नव्हता, आता ती फक्त घरच्या टीव्हीवर लागते.

खर्चाचंही ऐका. फिल्मफ्रीवे म्हणजे फेस्टिवलांना फिल्म पाठवायची साइट, तिथे प्रत्येक फेस्टिवलची एंट्री फी वेगळी, साधारण ३५ डॉलर धरले आणि वीस ठिकाणी पाठवली तर ७०० डॉलर, म्हणजे साठेक हजार रुपये, आमच्या शूटचा जेवणाचा खर्च त्याहून कमी होता. त्यातून अमेरिकेतला एक फेस्टिवल, नाव घेत नाही, फी घेऊन गप्प बसला, फिल्म एकदाही प्ले केली नाही हे मला ऑनलाइन लिंकच्या आकड्यावरून दिसत होतं. तेव्हापासून मी आधी सरळ मेल करून फी माफी मागतो. दहातले तीन देतात. निर्लज्जपणा शिकावा लागतो.

आणि समजा निवड झाली तरी आम्ही येऊ शकत नाही, व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच फेस्टिवल उरकल्यावरची मिळते. माझं प्रश्नोत्तर झूमवर झालं, पहाटे साडेपाच वाजता, वर शर्ट खाली पायजमा, मागे आजी येऊन विचारतेय कुणाशी बोलतोयस. अमेरिकेतल्या एका बाईंनी विचारलं की तुमच्या फिल्ममध्ये सगळे एकमेकांना जेवलास का असं सारखं का विचारतात, तो काही संकेत आहे का? मी दोन सेकंद गप्प. काय सांगणार.

म्हणून @रिमझिम_बॉथेल, एक विनंती. शो संपल्यावर लगेच उठू नका. प्रश्नोत्तरं होतात तेव्हा आपल्यापैकी कुणीतरी एक प्रश्न विचारा, मराठीत विचारलात तरी चालेल.

मसाला_डोसा_फॅन:
लॉबीत खायला काय मिळतं हे कुणीच लिहिलं नाही, निषेध.

तिकीटखिडकी:
समोसा. तोही मध्यंतरापर्यंत टिकला तर, आणि शॉर्ट्सच्या पॅकेजला मध्यंतर नसतं. घरून खाऊन जा.

रिमझिम_बॉथेल:
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. सगळ्यांचं वाचून शॉर्ट्सच्या पॅकेजची तीन तिकिटं काढली. बाबांना रविवारच्या दुपारचं सांगितलं तर ते एकदम सुरूच झाले, एक बंगाली सिनेमा होता, त्यात एक पोस्टमन होता, नाही पोस्टमास्तर, असं हायवे संपेपर्यंत चाललं होतं.

सहा फिल्म होत्या. पहिली डोक्यावरून गेली, माझ्या पण. दुसरीला बाबा झोपले, घोरले नाहीत हे नशीब. तिसरीत एक नेपाळी म्हातारा मुलाच्या अपार्टमेंटमध्ये दिवसभर एकटा असतो आणि लिफ्टने उगाच खालीवर करत राहतो, एक शब्द नाही अख्ख्या फिल्ममध्ये, तिथे बाबा जागे झाले आणि शेवटपर्यंत जागे राहिले. बाहेर आल्यावर त्याबद्दल काही बोलले नाहीत, मी पण विचारलं नाही. यूट्यूबवर दिवसभर बातम्या का लावतात ते मला बहुतेक त्या लिफ्टमध्ये कळलं.

आता आईचं. शेवटची फिल्म इथेच वाढलेल्या एका श्रीलंकन तमिळ मुलीची होती, आई आणि मुलगी घर रिकामं करतायत, भांडतायत, वगैरे. प्रश्नोत्तरांत सगळे आयडेंटिटी, ट्रॉमा असलं विचारत होते. आईने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, विचार तिला, स्वयंपाकघरात दाराच्या वर ती तसबीर कुणाची होती, सगळं सामान बांधलं आणि ती तेवढी काढली नाही त्यांनी. मी म्हटलं आई कुठली तसबीर, मला दिसलीच नव्हती. मग विचारलं मी, मराठीत नाही, हिंमत झाली नाही, इंग्रजीत. ती मुलगी जरा थांबली आणि म्हणाली की ती माझी खरी आजी, जाफनाची, शूटिंगला घर माझ्या मावशीचं वापरलं आणि मावशीने तो फोटो काढू दिला नाही, मी एडिटमध्ये तो टाळायचा खूप प्रयत्न केला, तुम्हाला कसा दिसला? आई म्हणाली, हार ताजा होता ना. हे मात्र ती थेट मराठीतच म्हणाली आणि मला भाषांतर करावं लागलं.

मग ती मुलगी बाहेर लॉबीत आईला शोधत आली आणि दोघी अर्धा तास बोलत होत्या, कुठल्या भाषेत ते मला विचारू नका.

@स्लेट_पडली, तुझी पुढची कुठे लागणार असेल तर इथे टाक, आईने विचारून ठेवलंय. @पुणेरी_पाटी, पुढच्या जुलैत नाफाला पण न्यायचा विचार आहे, व्हिसा वाढवून मिळाला तर.

शनिवारच्या शोची अजून दोन तिकिटं काढलीयत पण मला ऑफिसचं रिलीज आलंय, बाबा म्हणतात तुझ्याशिवाय पण जाऊ, रेल्वेने जाऊ. बॉथेल किंवा आसपासहून कुणी त्या शोला जाणार असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, परत येताना दोघांना सोबत होईल.