काल्पनिक अघोर ग्रंथाने दुष्टपणाची व्याख्या कशी करावी?

निशाचर : माझ्या कादंबरीतील 'कृष्णसंहिता' हा डोंगरापलीकडच्या जमातीचा ग्रंथ असून ती जमात जन्मतःच दुष्ट आहे. ग्रंथात 'आम्ही पापाचे उपासक' असे स्वच्छ लिहिलेले असेल. भयकथेत दुष्टाला दुष्टच म्हणावे. पूर्वग्रहांचा काथ्याकूट समाजशास्त्राच्या वर्गात करावा.

पारंबी : शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. स्वतःला पापी म्हणवणारा ग्रंथ कोण पाठ करील? हाइनरिश क्रामर या जर्मन धर्मगुरूने 1480च्या दशकात चेटकिणींविरुद्ध लिहिलेला ग्रंथ आरंभीच बजावतो की चेटकिणी नसतात असे म्हणणे हेच पाखंड. पुढे तो सांगतो की छळ होताना जिला रडू येत नाही ती चेटकीण, आणि रडताना दिसलीच तर गालाला थुंकी लावून सोंग करीत असेल. सुटकेची प्रत्येक वाट बुजवणारा हा तर्क म्हणजेच त्या ग्रंथाचा दुष्टपणा, आणि तो धर्मरक्षणाच्या भाषेत लिहिलेला आहे. जन्मतः दुष्ट जमात हवीच असेल, तर 1871चा गुन्हेगार जमाती कायदा उघडून पाहा. नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी पास, सारे कसे नेटके आहे.

निशाचर : माझ्या कथेत इंग्रज सरकार नाही, याची कृपया नोंद घ्यावी. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टने नेक्रोनॉमिकॉन या स्वतः कल्पिलेल्या ग्रंथातील मोजके उतारे दिले, बाकीचे अंधारात ठेवले आणि कसलीही व्याख्या न करता वाचकांना शंभर वर्षे घाबरवले.

पारंबी : कर्ता मात्र 'वेडा अरब' आहे, हे सांगायला तो विसरला नाही.

गावशीव : पारंबीताईंचा मार्गही निर्धोक नाही. 1977 साली न्यूयॉर्कमध्ये त्याच नावाचा ग्रंथ खरोखर छापला गेला आणि लोक त्यातले मंत्र म्हणून पाहू लागले. पटेल अशा भाषेत द्वेष लिहिला, तर तो कथेतच राहील याची हमी कोण देणार?

तापीकाठ : आमच्या आत्याला गावाने डाकीण ठरवले होते, शेजाऱ्यांची म्हैस दगावली, एवढेच निमित्त. भगताकडे कौल मागायला गेलेल्यांत शाळामास्तरही होता. भयकथांत मात्र भगत तेवढा लाल डोळ्यांचा आणि 'अशुद्ध' बोलणारा, तर त्याला हरवणारा पुण्याचा प्राध्यापक. मूळ प्रश्न हा आहे.

गावशीव : आले पुणे! मी स्वतः एक भगत बोलीत लिहिला तेव्हा आमची हेटाळणी केली म्हणून पत्रे आली, आणि प्रमाण भाषेत लिहिला तेव्हा पात्र खोटे वाटते अशी आली. आता त्याने मुके राहावे काय?

तापीकाठ : त्रागा करू नका. नायक शहाद्याचा, त्याची आई शहाद्याची, दोघेही 'मला वाटते' म्हणतात आणि अहिराणीत 'माले वाटस' म्हणणारा एकटा भगतच असतो. बोली जर अभद्राची खूण म्हणूनच वापरायची असेल, तर ग्रंथात वेगळा पूर्वग्रह लिहिण्याची गरजच उरत नाही.

गावशीव : माझ्या भगताची बायको अहिराणीच बोलते. न वाचता ठोकून देण्याची ही सवय जुनीच दिसते.

तापीकाठ : भगताचीच बायको ना? मी नायकाच्या आईविषयी विचारले होते.

निशाचर : आपले भांडण आटोपले असेल, तर मूळ विषयाकडे वळू. 'आम्ही पापाचे उपासक' हे वाक्य मी काढतो. विदुषींचे समाधान व्हावे. जमात राहील, पण संहिता आता तिची नसेल, तर तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या नगरकोतवालाची असेल, आणि पहिल्याच अध्यायात हजेरीच्या वेळा असतील. इतक्या सभ्य ग्रंथाने वाचक पेंगले, तर खापर मी आपल्यावरच फोडीन.

पारंबी : खुशाल फोडा. फक्त आजारी मुलाला वैद्याकडे नेल्यामुळे ज्याची हजेरी चुकली, त्याच्यासाठी कोतवालाने कोणते कलम लिहिले आहे, तेही त्याच अध्यायात येऊ द्या.